कार्बोरेटर खोलण्याआधी मुठीवर खुणा करा

जुनी मोटरसायकल नीट चालेना झाली की पहिला हात जातो तो एअर स्क्रूकडे, म्हणजे कार्बोरेटरवरच्या आयडलिंगचं मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूकडे. पाव फेरा आत, अर्धा बाहेर, पुन्हा आत. अर्ध्या तासानं गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि स्क्रू मुळात किती फेऱ्यांवर होता तेही कुणाला आठवत नाही. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरच्या कामात स्क्रू ड्रायव्हरच्या आधी लागते ती चिकटपट्टी.

थ्रॉटलच्या मुठीच्या कडेला पट्टीचा तुकडा लावा आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर पेनानं एक रेघ मारा. मूठ पूर्ण सोडलेली असताना रेघेसमोर शून्य, पूर्ण पिळून शेवटची खूण, आणि मधल्या अंतरात पाव, अर्धा, पाऊण. आता इंजिन चांगलं तापवून गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या आणि बिघाड कुठल्या खुणेवर होतो ते बघा. गिअर आणि वेग यांच्याकडे तूर्त लक्ष देऊ नका. मूठ किती उघडली आहे यावर कार्बोरेटरचा कुठला भाग पेट्रोल देतोय हे ठरतं.

जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा. आयडलिंगपासून, म्हणजे मूठ सोडलेली असताना, पावपर्यंत मुख्यतः स्लो जेट आणि एअर स्क्रू. पाव ते पाऊण नीडल (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइड नावाच्या झडपेला लटकणारी निमुळती सुई) आणि नीडल जेट. त्यापुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींवर चढतात, आणि स्लाइडच्या खालच्या तिरक्या कापाचाही अर्ध्या मुठीपर्यंत वाटा असतो. पण तो काप सहसा आपोआप बिघडत नाही. तुमचा कार्बोरेटर सीव्ही प्रकारचा असेल, म्हणजे स्लाइड केबलनं न उचलता रबरी डायफ्रामवरच्या (पातळ पडद्यावरच्या) व्हॅक्यूमनं उचलली जात असेल, तर या खुणा ढोबळ समजा. तिथं आधी डायफ्राम उजेडासमोर हलका ताणून बघायचा. सुईएवढं छिद्र असलं तरी स्लाइड पूर्ण वर जात नाही आणि गाडी ठरावीक वेगापुढे सरकत नाही.

दुसरा प्रश्न: पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय? यासाठी चोकसारखी सोपी परीक्षा नाही. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. बिघाड होतो त्याच खुणेवर मूठ धरून तो थोडासा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी; आणखी घुसमटली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. तापलेली गाडी सिग्नलला थांबवल्यावर रेस वरच अडकून राहते आणि हळूहळू उतरते, हेही लीनचंच लक्षण. उलट रेस पार खाली पडून मग सावरत असेल तर रिच. मूठ सोडल्यावर सायलेन्सर फटाके फोडत असेल तर स्लो जेटवर संशय घ्या. मात्र सायलेन्सरच्या तोंडाचं पॅकिंग गळत असलं तरी असेच आवाज येतात, त्यामुळे ते आधी तपासा. प्लग कोरडा काळा काजळलेला म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. प्लग तेलकट ओला असेल तर दोष बहुधा रिंगचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा आहे, कार्बोरेटर उघडून काही मिळणार नाही.

खोलण्याआधी आणखी चार गोष्टी बघून घ्या, कारण दुसऱ्याची बरीच पापं कार्बोरेटरच्या माथी मारली जातात. प्लगला निळसर, जोमदार ठिणगी हवी. टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मॅन्युअलप्रमाणे हवा. एअर फिल्टर तुंबलेला असला तर गाडी सगळ्याच खुणांवर रिच चालते. आणि गाडी काही किलोमीटर व्यवस्थित जाऊन हळूहळू दम तोडत असेल तर बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरपासून सोडवून बाटलीत धरा. कॉक उघडल्यावर सलग धार यायला हवी, ठिबकणं पुरेसं नाही. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर व्हॅक्यूमच्या नळीला ओढ दिल्याशिवाय धार येणार नाही. त्या नळीत पेट्रोल दिसलं तर कॉकचा डायफ्राम फाटलाय आणि इंजिन तिथूनही पेट्रोल ओढतंय.

इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधलं रबर हा जुन्या गाडीचा हमखास दुखरा भाग. वरून धड दिसतं, पण वाकवलं की भेगा उघडतात. आयडलिंगवर त्या रबरावर आणि जोडांवर स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारा. रेस बदलली तर गाडी तिथून एअर घेतेय. काही जण इथं कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील काही फवारण्यात मला शहाणपण दिसत नाही. आणि तिथून एअर येत असताना तुम्ही स्क्रू कितीही फिरवलेत तरी ट्यूनिंग टिकणार नाही.

आता खोलायचं. मोकळ्या हवेत, कॉक बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, डोळ्यांवर चष्मा लावून. पहिल्यांदा बाऊलचा, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीचा, ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या पेल्यात घ्या आणि मिनिटभर तसंच ठेवा. तळाशी पाऱ्यासारखे गोळे फिरताना दिसले तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं आणि ती फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. तांबूस कण म्हणजे टाकीतला गंज, आणि मग नुसता कार्बोरेटर साफ करणं म्हणजे गळक्या छताखाली लादी पुसणं. पांढरी पूड दिसली तर बाऊलचा धातू खाल्ला जातोय.

जपानी कार्बोरेटरवरचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण बरेचदा ते जेआयएस या जपानी मानकाचे असतात. फिलिप्स ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसत नाही, जोर दिला की निसटतो आणि खाच गोल करून ठेवतो. एअर स्क्रू काढण्याआधी तो आत हलका टेकेपर्यंत फिरवून फेरे मोजा आणि लिहून ठेवा. जोरानं आवळू नका; टोक तुटून छिद्रातच अडकतं. स्क्रू बाहेर काढल्यावर स्प्रिंग, वॉशर आणि ओ-रिंग तिन्ही आलेत का पाहा. ओ-रिंग बहुतेकदा आतच चिकटून राहते आणि मग क्लीनरनं फुगते.

स्लो जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. जेट उजेडासमोर धरल्यावर छिद्र गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. कडेला अर्धचंद्रासारखी सावली असेल तर आत जुन्या पेट्रोलची लाख बसली आहे, आणि तेवढी सावली गाडी चोकशिवाय सुरू न व्हायला पुरते. पोलादी तार घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि जेटवरचा आकडा खोटा ठरतो. विजेच्या वायरीतला तांब्याचा एक धागा किंवा नायलॉनच्या ब्रशचा केस पुरतो. जेट रात्रभर क्लीनरमध्ये ठेवा, मग कॉम्प्रेसरची हवा. फक्त जेट साफ करून काम संपत नाही: स्लाइडच्या पुढे इंजिनाच्या बाजूला तळाशी बारीक छिद्रं असतात, स्प्रेची नळी एअर स्क्रूच्या भोकात लावल्यावर त्यातून फवारा बाहेर आला पाहिजे. तो येईपर्यंत थांबायचं नाही. स्प्रे मारण्याआधी रबराचा प्रत्येक भाग बाजूला काढा.

मेन जेटचं छिद्र मोठं, ते क्वचित बुजतं. नीडलचं दुखणं वेगळं. वर्षानुवर्षं घासून नीडल जेट लंबगोल होतो आणि गाडी मधल्या खुणांवर रिच चालते, नीडल खाली उतरवली तरी. नीडलच्या वरच्या टोकाची क्लिप वरच्या खाचेत म्हणजे नीडल खाली, मिश्रण लीन. खालच्या खाचेत म्हणजे उलट. पण झिजलेल्या जोडीवर क्लिप सरकवत बसू नका, नीडल आणि जेट दोन्ही एकत्र बदला. दुरुस्तीच्या किटमधले जेट डोळे झाकून घालू नका, आकडा तोच असला तरी छिद्र वेगळं निघू शकतं. मूळ पितळ साफ करून परत वापरलेलं बरं. किटमधून पॅकिंग, ओ-रिंग आणि फ्लोटची सुई घ्या.

फ्लोट बाऊलमधल्या पेट्रोलवर तरंगतो आणि पातळी भरली की या सुईनं पेट्रोलची वाट बंद करतो. ओव्हरफ्लो होत असेल, म्हणजे पेट्रोल भरून बाहेर वाहत असेल, तर त्या सुईचं रबरी टोक बघा. त्यावर गोल खाच पडली असेल तर सुई बाद. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून बुडतोय. फ्लोटची उंची मोजताना पॅकिंग काढा आणि कार्बोरेटर इतकाच तिरका धरा की फ्लोटची जीभ सुईच्या स्प्रिंगच्या पिनला टेकेल, पण ती दाबणार नाही. सरळ उलटा धरला तर फ्लोटच्या वजनानं स्प्रिंग दबते आणि माप चुकतं. आकडा मॅन्युअलचाच घ्या, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. ओव्हरफ्लोनंतर इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर चढली, तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.

जोडताना स्लाइडचा तिरका काप एअर फिल्टरच्या बाजूला. मग मोजलेल्या फेऱ्यांवर स्क्रू ठेवून गाडी दहा मिनिटं चालवून तापवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो, बाहेर काढला की लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, बाहेर काढला की रिच. पाव-पाव फेरा फिरवत रेस सर्वांत वर जाते ती जागा शोधा, आयडलिंग स्क्रूनं रेस खाली आणा, पुन्हा एकदा तेच करा. बहुतेक गाड्या एक ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान स्थिरावतात. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर तो मार्ग अजून बुजलेलाच आहे, पुन्हा खोला.

शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. रेस वाढली तर थ्रॉटल केबल ताणलेली आहे. मुठीला 2 ते 6 मिलिमीटर मोकळा प्ले ठेवा आणि आयडलिंग पुन्हा लावा.