पैसे भरून पडायला

तुर्कस्तानला कशाला चाललोय हे आईला खरंखरं सांगितलं, ही माझी चूक. डोंगरावरून उडायचं, समुद्रावर जायचं आणि तिथे मुद्दाम पॅराग्लायडर बिघडवायचं, असं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे पैसे भरून पडायला चाललास." गावाचं नाव विचारलं. ओलुदेनिज. मी शहाण्याने अर्थही सांगून टाकला: तुर्कीत ओलू म्हणजे मेलेला, देनिज म्हणजे समुद्र. मग दोन दिवस आमच्या ऐरोलीच्या घरात फार कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मी सारवासारव केली की डोंगराचं नाव बाबादाग आहे, म्हणजे बाबांचा डोंगर. त्यावर, "मग बाबांनाच विचार," एवढंच उत्तर आलं.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. त्यामुळे माझ्या छंदाची चेष्टा करायला लोकांना फार कष्ट पडत नाहीत. पण दोन्हींत साम्य आहे. विंडसॉक, तो लाल-पांढरा कापडी मोजा, मी आधी कारखान्याच्या छपरावर पाहिला. गॅस गळाला तर कुठल्या गेटकडे पळायचं हे त्याच्याकडे बघून ठरवतात. पुढे लोणावळ्याजवळ कामशेतला, पॅराग्लायडिंगच्या टेकडीवर तोच मोजा दिसला, तेव्हा परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. घारींचंही तसंच. तुर्भ्याच्या बाजूला दुपारी घारी गोल गोल वर चढताना दिसायच्या, पण त्या थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर उठणाऱ्या हवेत फिरताहेत, हे समजायला चाळिशी उजाडली.

मार्च 2022 मध्ये कामशेतला पडलो. सकाळचे साडेअकरा, ऊन तापलेलं, हवा खडबडीत. शहाणी माणसं विंग, म्हणजे पॅराग्लायडरचं कापडी पंख, घडी करून झाडाखाली बसली होती. मी म्हटलं, एक शेवटचं. जमिनीपासून बारा-पंधरा मीटरवर असताना विंगची डावी बाजू मिटली. याला कोलॅप्स म्हणतात. मिटलेल्या बाजूला अंग झुकतं आणि पोटात खड्डा पडतो. मी काय करावं? उजवा ब्रेक, म्हणजे विंगची मागची कड खाली खेचणारी हातातली दोरी, जीव खाऊन ओढला. जी अर्धी विंग मला धरून होती, तिचाही वेग मीच मारला. तीही पडली. करवंदीच्या जाळीत उतरलो, घोट्याला बारीक फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर. कारखान्यात सहीसाठी कुबडीवर फिरणारा सेफ्टी ऑफिसर हा विषय लोकांना महिनाभर पुरला.

मला छळत होतं ते वेगळंच. काय करायचं हे मला माहीत होतं. सगळं वाचलेलं होतं, पाठ होतं. अंग उघड्या बाजूला टाकायचं, ब्रेक सोडून विंगला वेग घेऊ द्यायचा आणि वळायला लागलीच तर उघड्या बाजूचा ब्रेक हलकासा लावायचा. माझी विंग ईएन-बी आहे. या युरोपीय प्रमाणपत्रात ए, बी, सी, डी अशा पायऱ्या असतात आणि ए-बीच्या विंगा बहुतेक वेळा, उंची असेल तर, आपल्या आपण उघडतात. फक्त वर बसलेल्याने हात आवरायचे. नेमकं तेच माझ्या हातांना ठाऊक नव्हतं.

कारखान्यात आम्ही दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करतो. भिंतीवर लावलेला आणीबाणीचा तक्ता सायरन वाजल्यावर कुणाला आठवत नाही, पाय ज्या वाटेने चार वेळा पळालेत त्याच वाटेने पळतात. उड्डाणाच्या मॉक ड्रिलला एसआयव्ही म्हणतात. ही तीन फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं आहेत. उड्डाणात जे जे बिघडू शकतं त्याची रंगीत तालीम, असा त्याचा अर्थ. ती करायला भरपूर उंची लागते, खाली पाणी लागतं आणि पाण्यात तयार बोट लागते. कामशेतची आमची टेकडी शंभर-सव्वाशे मीटरची. थर्मल नसेल तर दोन मिनिटांत माणूस खाली. पवना धरण जवळ दिसतं म्हणून काही ते तुमच्या पायाखाली येत नाही.

आपल्याकडे हिमाचलात बिलासपूरला गोविंदसागरावर असे कोर्स झाले आहेत, नेपाळात पोखऱ्याला फेवा तलावावरही. युरोपात फ्रान्सचा आनसी तलाव आणि इटलीचा गार्डा तलाव यासाठी नावाजलेले आहेत, पण तिथले दर बघून मी पान बंद केलं. बाबादाग 1,969 मीटर उंच आहे आणि थेट समुद्राच्या काठावर उभा आहे. 1,200 पासून 1,900 मीटरपर्यंत टेक-ऑफच्या वेगवेगळ्या जागा. वरून निघालं की काही मिनिटांत पायाखाली निव्वळ निळं पाणी. ऑक्टोबर 2023 मध्ये गेलो. मुंबई ते इस्तंबूल, तिथून दालामान, तिथून मिनीबस. कोर्स, तिकीट, राहणं धरून दीड लाखाच्या वर गेलं. बायकोने या आकड्यावर जे भाष्य केलं ते इथे देत नाही.

आम्ही सहा जण होतो. त्यात 63 वर्षांची एक जर्मन बाई. ती दरवर्षी येते असं कळलं, तेव्हा मला वाटलं, बाईंना काही जमत नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांचं फुल स्टॉल, म्हणजे विंग मुद्दाम पुरती बंद पाडणं, पाहिलं आणि गप्प बसलो.

पहिला दिवस जमिनीवरच गेला. हार्नेस, म्हणजे उडताना बसायची पट्ट्यांची खुर्ची, दोरीला टांगून त्यात बसायचं, डोळे मिटून रिझर्व्ह पॅराशूटची, म्हणजे विंग हाताबाहेर गेली तर फेकायच्या छत्रीची, मूठ शोधायची. पन्नास वेळा. मग लाइफ जॅकेट, रेडिओ. प्रशिक्षक खाली बोटीत, कॅमेरा आणि वॉकी-टॉकी घेऊन, आणि आपण हजार-दीड हजार मीटरवर एकटे. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन वेगवेगळ्या गावांचं, पण शब्द तीन-चारच लागायचे. त्यातला सर्वांत जास्त वेळा ऐकलेला: "हॅण्ड्स अप."

आधी सोपं. विंगची दोन्ही टोकं दुमडून खाली येणं, याला बिग इअर्स म्हणतात. मग पुढे-मागे झोके, मग डावी-उजवीकडे. मग एका बाजूच्या दोऱ्या झटक्यात ओढून मुद्दाम कोलॅप्स. पहिल्या कोलॅप्सला माझा उजवा हात पुन्हा खाली गेला, तसाच, कामशेतसारखा. रेडिओवर आवाज: हॅण्ड्स अप. दुसऱ्याला गेला. तिसऱ्याला गेला. आठव्याला नाही गेला. विंग थोडी वळली, फडफडली, उघडली. मी काहीच केलं नव्हतं. दीड लाख खर्चून मी काही न करायला शिकत होतो, पण ते शिकणं मला एकाही पुस्तकाने दिलं नव्हतं.

स्पायरल वेगळीच चीज आहे. विंग नाक खाली करून मळसूत्रासारखी फिरते, अंगाचं वजन तिप्पट झाल्यासारखं वाटतं, गालाची कातडी ओघळते. पोटाचे आणि पायांचे स्नायू आवळून धरायचे, नाहीतर रक्त खाली उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारतं. बाहेरही एकदम यायचं नाही, वळण हळूहळू सैल करायचं. तिथे सेकंदाला पंधरा मीटरने उंची जात होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

तिसऱ्या दिवशी फुल स्टॉल. दोन्ही ब्रेक ओढून हात सीटखाली दाबून धरायचे. आधी वाऱ्याचा आवाज थांबतो. ती शांतता मला अजून आठवते. मग विंग मागे जाते आणि तुम्ही पाठीवर पडता. डोक्यावर कापडाचा नाल होऊन फडफडत असतो आणि दोन्ही हात ओरडून सांगतात, सोड. त्याच क्षणी सोडलं तर विंग तुमच्या पुढे झेप घेते आणि तुम्ही तिच्यातच पडू शकता. थांबायचं. हात अर्धे वर आणायचे, विंग भरू द्यायची, मग दोन्ही हात एकसारखे सोडायचे.

मी उजवा आधी सोडला. केसभरच. विंग तिरपी झेपावली, एक टोक दोऱ्यांत अडकलं आणि सगळं गरगर फिरायला लागलं. रेडिओवर "रिझर्व्ह". मी अडकलेली दोरी ओढत होतो. "रिझर्व्ह! रिझर्व्ह!" मग मूठ शोधली, उपसली, फेकली. धाडकन झटका बसला, फिरणं थांबलं आणि मी पाण्याकडे हलके हलके येऊ लागलो. विंग रिझर्व्हशी भांडू नये म्हणून दोऱ्या ओढून ती गोळा करायची असते, तेही आठवलं. समुद्र कोमट होता. बोट आधीच येऊन उभी.

संध्याकाळी व्हिडिओ. प्रशिक्षकाने माझ्या चुकीच्या हातावर अर्धा मिनिटही घालवला नाही. त्याने पहिल्या "रिझर्व्ह" शब्दावर चित्र थांबवलं, मग फेकलं त्यावर थांबवलं आणि मधला वेळ वाचून दाखवला. चार सेकंद. "इथे काय करत होतास?"

काय करत होतो? सोडवता येईल असं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर लाज वाटत होती. रिझर्व्ह फेकणं म्हणजे हरणं, सगळे बघताहेत, जर्मन बाई बघताहेत. चार सेकंद, सेकंदाला पंधरा मीटर. साठ मीटर. आमच्या कामशेतच्या टेकडीची निम्मी उंची मी लाजेपायी घालवली होती. आणि ही लाज मला नवी नाही. कारखान्यात गळती झाली की ऑपरेटर आधी व्हॉल्व्ह आवळत बसतो. अलार्मचं बटण हाताशी असतं, पण उगाच वाजवला तर लोक हसतील. त्याला मी आजवर किती बोललोय!

जर्मन बाईंनी चहा पुढे केला आणि सांगितलं की त्यांनी आतापर्यंत दोनदा फेकलंय, दोन्ही वेळा लवकर. त्यांच्या आवाजात "लवकर" हा शब्द पदक मिळाल्यासारखा होता.

असे कोर्स करून आलेल्यांत एक जमात तयार होते. व्हिडिओला ढोल-ताशाचं संगीत लावायचं आणि पुढच्या रविवारी, बाकी सगळे जमिनीवर बसून राहतील असल्या हवेत एकट्याने उडायचं. मीही व्हिडिओ टाकला होता. दोन दिवसांनी काढला. समुद्रावर दीड हजार मीटरवर शिकलेलं टेकडीवर तीस मीटरवर लागू होईलच असं नाही. तिथे उपाय एकच, साडेअकराला झाडाखाली बसणं. त्याचा कोर्स फुकट आहे, प्रवेश घेणारे कमी.

पुढच्या जानेवारीत कामशेतला उजवी बाजू मिटली. बऱ्यापैकी उंचीवर. मी डावीकडे झुकलो, हात वर, आणि मिटलं होतं हे मनात पुरतं उमटेपर्यंत ते उघडलंसुद्धा. खाली उतरून पोहे खाल्ले.

रिझर्व्ह गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून आणलं होतं, पण त्याची घडी पुन्हा पुन्हा घालावी लागते. बहुतेक उत्पादक सहा महिने ते वर्ष सांगतात, मी कारखान्याच्या ड्रिलसोबतच उरकतो. घडी घालायला दुसरं माणूस लागतं. बायको मुलाच्या क्लासला गेली होती, म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून आईला बोलावलं. पांढऱ्या कापडाच्या अठरा पाकळ्या, एकेक सारखी करून डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ लावायच्या. ती खुर्चीत बसून दोऱ्यांचं टोक धरून होती. मी माझ्या नादात मोजत होतो.

"थांब," ती म्हणाली. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई. खुर्चीतून उठली, गुडघा धरत खाली बसली आणि डावीकडच्या चळतीत बोट घातलं. "ही निरी उलटी गेलीय."

खरंच गेली होती. नऊच्या नऊ सोडून पुन्हा लावल्या, तिने.