आत्यांची वाकळ उसवताना

१९ सप्टेंबर २०२४

कालपासून पितृपंधरवडा सुरू झाला. या पंधरा दिवसांत नव्या कापडाला कात्री लावायची नाही, असा आमच्या घरात आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, दंडक आहे. मात्र डागडुजीला कोणतीही तिथी चालते. त्यामुळे पुण्याच्या एका बाईंनी दिवाळीसाठी सांगितलेली गोधडी बाजूला ठेवली. तिचे कापड मी गेल्याच आठवड्यात मीटरवर विकत आणले होते. त्या बाईंना गोधडी नव्या कापडाची हवी आहे, पण ती जुनी दिसायला हवी आहे. अशा मागण्यांची आता मला सवय झाली असली तरी आत्यांना ती होत नाही. टेबलावर मी कोऱ्या कापडाचे चार-चार इंचांचे चौकोन कापू लागले की त्या खाटेवरूनच विचारतात, "धडकं कापड फाडून परत ठिगळं लावायची, ह्ये कुठलं शहाणपन?" या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही, त्या कामाचे पैसे मिळतात, एवढेच मी सांगते.

आज दिवसभरात किरकोळ कामेच झाली. यांच्या दोन पायजम्यांना नाडीची पट्टी नव्याने घातली, शेजारच्या काकूंच्या उशीच्या अभ्र्याची चेन बदलली आणि नातीच्या परकराची दुमड सोडून तो दोन इंचांनी वाढवला. संध्याकाळी दिवा लावल्यावर आत्यांनी एकदम विचारले, "माझी वाकळ कुठं ठिवलीस?"

वाकळ, म्हणजे जुन्या कापडांच्या थरांची गोधडी, माळ्यावर होती. प्लॅस्टिकच्या कागदात बांधलेली ती पाच वर्षे तिथेच पडून होती.

२० सप्टेंबर

यांनी शिडी लावून गाठोडे खाली काढले. गाठ सोडताच तो वास आला आणि आम्ही तिघेही क्षणभर गप्प झालो. ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांनी सांगली-कोल्हापुरात पाहिला, त्यांना त्या वासाचे वर्णन करून सांगावे लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे, आणि त्या वर्षी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. आमचे घर गावभागात असल्यामुळे आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेला नातलगांकडे गेलो आणि पाणी ओसरल्यावर परतलो, तेव्हा भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ उमटलेली होती.

घरात तेव्हा बारा वाकळा होत्या. एरवी तीन-चार किलो भरणारी वाकळ पाणी प्यायली की दोघांनाही उचलत नाही, आणि तिच्या आत गाळ शिरला की ती ओल्या भिंतीसारखी होते. गल्लीत प्रत्येक दारापुढे अशा अंथरुणांचे ढीग लागले होते आणि ते नेण्यासाठी ट्रॅक्टर फिरत होते. आमच्या अकरा वाकळा त्या ट्रॅक्टरमध्ये गेल्या. बाराव्या वाकळेवर आत्या जाऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत. मग ती आम्ही नळाखाली दोनदा धुतली. उन्हाची तिरीप आली की बाहेर, ढग आले की आत, असे करत ती कशीबशी वाळवली आणि वर टाकली. खरे सांगायचे तर आत्यांच्या पश्चात तिचे काय करायचे, हे मी मनाशी ठरवून ठेवले होते. ते येथे लिहीत नाही.

आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना समोरचे धूसरच दिसते, पण बोटे शाबूत आहेत. त्यांनी वाकळेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आत माती हाय. वरनं धुऊन काय हुतंय? उसव."

२२ सप्टेंबर

रविवार असल्यामुळे मुलगा, सून आणि नात पुण्याहून आली होती. सकाळी सोप्यात चटई टाकून वाकळ पसरली. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद. कडेचा गोट मी अर्ध्या ब्लेडने सोडवला आणि मग धावदोऱ्याच्या ओळी एकेक करून काढायला बसले. उसवण्याचे काम शिवण्याहून अवघड असते, हे मला नव्याने समजते आहे. शिवताना चूक झाली तर उसवता येते. उसवताना जीर्ण कापडाला ब्लेडचे टोक लागले तर मागे फिरायला वाट नसते.

वरचा थर माझ्या ओळखीचा निघाला. त्यात लग्नानंतरच्या वर्षांत मी नेसलेल्या दोन सुती पाचवारी साड्या होत्या. त्यांच्याखाली आत्यांचे इरकल लुगडे निघाले. त्याचा काठ वरून पार विटला आहे, पण दुमडीत दडलेला भाग अजून डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल आहे. नऊवारी लुगडे वाकळेला का सोयीचे, ते आत्यांनी सुनेला बोटांवर मोजून दाखवले. सव्वाआठ मीटरचे लुगडे तीन ठिकाणी फाडले की दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. दोन-दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की एक वरचे आणि एक खालचे अंग तयार होते आणि जादा रुंदी आत दुमडली जाते, म्हणजे एका लुगड्यात दोन्ही बाजू भागतात. पाचवारीत एकच अंग निघते. मी हे हिशेब फूटपट्टी आणि कागद घेऊन करते. आत्यांनी ते हात आणि वीत यांच्या मापाने आयुष्यभर केले आणि त्यांची एकही वाकळ तिरकी झालेली मी पाहिलेली नाही. माझ्या मात्र दोन झाल्या आहेत.

इरकलाखाली धोतराचे पान, कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातला मांजरपाट, मामंजींच्या सदऱ्यांच्या पाठी. सदऱ्यांच्या पाठीच तेवढ्या, कारण गळपट्टी आणि कोपर आधी विरतात. पाठ शेवटपर्यंत टिकते, म्हणून ती वाकळेत जाते. सून ऐकता ऐकता म्हणाली, "आई, आपल्या घरात आता असं घालायला जुनं कापड कुठं आहे?" तिचे म्हणणे बरोबर आहे. तिच्या कपाटातले बहुतेक कपडे कृत्रिम धाग्याचे आहेत. ते घाम शोषत नाहीत, एकमेकांवरून घसरतात, इस्त्री जरा तापली की आकसतात आणि विरता विरत नाहीत. वाकळेला लागते ते शंभरदा धुऊन मऊ झालेले सूत, आणि कापड शंभरदा धुण्याइतके दिवस आता कोणी ते वापरत नाही.

प्रत्येक थर उचलला की खाली राखाडी रंगाची बारीक माती दिसत होती, पिठासारखी मऊ. आत्यांनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाल्या, "किस्नामाई आत येऊन बसलीया." हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "कृष्णामाई कसली! निम्मं गटाराचं पाणी होतं ते." दोघांचेही म्हणणे खरे होते. मी ती माती कागदावर गोळा केली आणि कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली.

२४ सप्टेंबर

मधल्या थरांच्या तळाशी आणखी एक वाकळ निघाली. यात नवल काही नाही. वाकळ फाटली की तिला टाकत नाहीत, नव्या वाकळेच्या पोटात घालतात. नवल तिच्या टाक्यांचे वाटले.

आत्यांची शिवण सरळ ओळींची, दोन-दोन बोटांच्या अंतराची आणि आडवी असते. या आतल्या वाकळेची शिवण कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन घेत मधोमध पोचली होती. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळ भागात राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकाही कडेकडून आत असेच शिवत येतात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुले लावतात. त्यांच्या कवंदीची, म्हणजे गोधडीची, छायाचित्रे मी पाहिली आहेत. या वाकळेला फुले नव्हती. टाके गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान होते. पण मला सारखे काहीतरी खटकत होते, आणि ते काय हे कळायला अर्धा तास लागला. दोऱ्याच्या गाठी आणि संपलेली टोके यांचा माग काढत गेले, तेव्हा लक्षात आले की सगळे फेरे उलट्या दिशेने फिरले आहेत. मी सुई उजवीकडून डावीकडे नेते. येथे ती डावीकडून उजवीकडे गेली होती, पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत.

आत्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी ती वाकळ मांडीवर ओढून घेतली आणि टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमची आई डावरी व्हती."

त्यांचे माहेर कर्नाटकातल्या चिकोडीच्या बाजूचे. तिकडे वाकळेला कौदी म्हणतात. लग्नात आईने दिलेली कौदी त्यांनी झिजेपर्यंत वापरली आणि मग स्वतःच्या वाकळेत घातली, हे त्या विसरून गेल्या होत्या. डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने वाढते म्हणून त्यांच्या आईला सासरी फार बोलणी खावी लागली. चुलीपुढे ती उजवा हात वापरायला शिकली, पण सुई मात्र तिने डाव्याच हातात ठेवली. एवढे सांगून आत्या झोपल्या. मी दिवा मालवला नाही. उशिरापर्यंत त्या फेऱ्यांकडे पाहत बसले.

२५ सप्टेंबर

आज आमचे दोघींचे बिनसले. आतल्या कौदीतही गाळ आहे. दाबले की कुरकुरते. तो काढायचा तर तिचे टाके उसवले पाहिजेत. मी म्हणाले, ही आता उसवायची नाही. हवे तर चौकटीत घालून भिंतीवर लावू. आत्यांना हे अजिबात पटले नाही. "भितीला काय थंडी वाजती व्हय?" असे त्या म्हणाल्या आणि पुढे जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.

मला त्यांचे म्हणणे कळत होते, पण हात धजावत नव्हता. ज्या बाईचा एकही फोटो नाही, तिच्या हाताची एवढी एकच खूण उरली होती आणि ती मी ब्लेडने काढायची होती. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्या लेकीसाठी तिने ती शिवली, तीच लेक आज समोर बसून उसव म्हणते आहे. मग हक्क कोणाचा, असा प्रश्न येतो. आणि तो निदान माझा नाही, हे दुपारपर्यंत मला मान्य करावे लागले.

२८ सप्टेंबर

मधला मार्ग निघाला. एका लांब बाजूचे चार फेरे उसवले, बाकीचे तसेच ठेवले. त्या उघड्या तोंडातून आत हात घालून कोरडा गाळ झटकला आणि मग रिठ्याच्या कोमट पाण्यात ती दोन तास भिजत ठेवली. चोळायची नाही, पिळायची नाही, फक्त तळव्याने दाबायची. पहिले पाणी चहासारखे निघाले, पाचवे बरेच स्वच्छ. उसवलेला दोरा आत्यांनी फेकू दिला नाही. तो त्यांनी काडेपेटीभोवती गुंडाळून ठेवला आहे. कशासाठी, ते सांगितलेले नाही.

येथे माझी एक चूक लिहून ठेवते. घाई झाली म्हणून मी वाळलेली एक कड यंत्रावर शिवून पाहिली. सोळा नंबरची सुई, लांब टाका आणि थर सरकू नयेत म्हणून जाड कामाचा वेगळा फूट, एवढी काळजी घेऊनही वीतभर शिवण होताच कापड टाक्यांच्या रेषेवर, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखे सुटले. यंत्राचा वरचा आणि खालचा दोरा एकमेकांना आवळून धरतात, आणि विरलेल्या सुताला तो ताण सोसत नाही. हातातली सुई दोन धाग्यांमधली जागा शोधत जाते आणि धावदोरा थोडा सैल राहतो, त्यामुळे कापड ओढले गेले तरी दोरा त्याच्याबरोबर सरकतो. ती वीतभर कड खालून मलमलीचा तुकडा लावून सावरण्यात सगळी दुपार गेली. आत्यांना यंत्राचा आवाज आला होता. त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले.

२ ऑक्टोबर

आज सर्वपित्री अमावास्या. मामंजींच्या नावाने पान वाढले. आत्यांनी आईच्या नावानेही एक घास बाजूला काढायला लावला. उद्या घट बसणार, म्हणून घरातली सगळी अंथरुणे दोन दिवसांत धुऊन झाली. पूर्वी या दिवसांत कृष्णेच्या घाटावर वाकळा आपटायला जागा मिळत नसे. आता गच्चीवर चार दोऱ्या बांधल्या की भागते.

कौदीची उघडी बाजू मी हाताने शिवत आणली आहे. चारपैकी तीन फेरे झाले. उलट्या दिशेने शिवून पाहायचा प्रयत्न केला. डाव्या हातात सुई धरली, तर टाके कोंबडीने उकरल्यासारखे पडले. तेव्हा आपल्या उजव्या हाताने, आपल्याच दिशेने शिवले. माझ्या ओळी एका बाजूने येतात, त्या माउलीच्या दुसऱ्या बाजूने, आणि कोपऱ्याजवळ दोन्हींची टोके समोरासमोर येऊन थांबतात. आत्यांनी त्या जागी बोट लावून पाहिले आणि विचारले, "हितनं तुझं सुरू झालं न्हवं?" मी हो म्हणाले.

दुपारी बाहेरचे थर गच्चीवर वाळत घातले होते आणि हस्ताचा पाऊस अंगावर आला. मी आणि हे धावत वर गेलो, इरकल आणि मांजरपाट काखोटीला मारून आणले, धोतराचे पान मात्र पुन्हा भिजले. आता सोप्यात दोरी बांधून ते वाळत घातले आहे, आणि हे त्याखालून वाकून ये-जा करताना प्रत्येक वेळी काहीतरी पुटपुटतात. चौथा फेरा राहिला आहे. पांढरे रीळ संपले. उद्या घटाचे सामान आणायला जाईन, तेव्हा दोन घेऊन येईन, कारण पुण्याच्या गोधडीलाही तेच लागणार आहे.