फिलाडेल्फियाची मुकी घंटा

घंटा दिसली की हात वर जातो. लहानपणी देवळाच्या दारात कुणीतरी कडेवर उचलून घेतलं, तेव्हापासूनची ही सवय. फिलाडेल्फियात लिबर्टी बेलसमोर उभी राहिले तेव्हाही माझा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मध्ये कठडा होता, पलीकडे राखाडी सदऱ्यातला रेंजर उभा होता. आणि ही घंटा १८४६ नंतर पुन्हा कधी पूर्ण नादानं वाजलेलीच नाही.

पुण्याच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. अमेरिकन क्रांतीच्या तासाला ही घंटा दरवर्षी माझ्या वर्गात वाजायची. ४ जुलै १७७६, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, घंटा घणाणली, आणि मुलं टक लावून ऐकायची. म्हणूनच २०२३ च्या ऑक्टोबरात लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले तेव्हा तिला सांगून टाकलं होतं, नायगारा राहिला तरी चालेल, फिलाडेल्फिया चुकवायचं नाही.

एडिसनहून ट्रेंटनपर्यंत एक गाडी, तिथे बदलून दुसरी. जेफरसन स्टेशनला उतरून मार्केट स्ट्रीटनं नदीच्या दिशेनं चालत निघालो. सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर विटांचं एक घर लागतं. टॉमस जेफरसननं १७७६ च्या जूनमध्ये इथेच भाड्याच्या दोन खोल्यांत बसून जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. मूळ घर पाडलं गेलं, आताचं १९७५ मध्ये पुन्हा उभारलेलं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. पण त्या पायरीशी मी बराच वेळ रेंगाळले. सगळी माणसं समान आहेत हे वाक्य वरच्या मजल्यावर लिहिलं जात होतं, तेव्हा जेफरसनच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. तो जेफरसनच्या मालकीचा होता. माझ्या नववीतल्या पोरांच्या वयाचा! मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला धारेवर धरणारा एक परिच्छेदही होता. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या प्रतिनिधींना तो रुचला नाही आणि काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधिसभेनं, तो काढून टाकला.

पुढच्याच चौकात, घंटेच्या इमारतीला लागून, एक बिनछपराचं घर आहे. अर्धवट भिंती, खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी, बस्स. वॉशिंग्टन शहर वसण्याआधी, १७९० ते १८०० या काळात, अमेरिकेची राजधानी फिलाडेल्फिया होती आणि राष्ट्राध्यक्ष या जागी राहत. जॉर्ज वॉशिंग्टननं व्हर्जिनियाहून इथे नऊ गुलाम आणले होते. मी पोचले तेव्हा लेक एका ग्रॅनाइटच्या भिंतीपुढे उभी होती. म्हणाली, "आई, नावं वाच. मोठ्यानं वाच."

वाचली. ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलीस, ख्रिस्तोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, ओनी जज, मोल, जो. शेजारी एक शाळेची सहल होती. ती मुलं गप्प होऊन ऐकत राहिली. भाषा कळायची गरजच नव्हती, नावं तीच होती.

पेनसिल्व्हेनियानं १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं संपवण्याचा कायदा केला होता. बाहेरगावच्या मालकानं आणलेला गुलाम सलग सहा महिने इथे राहिला की मोकळा होण्याचा हक्क मिळवत असे. म्हणून सहा महिने भरायच्या आत वॉशिंग्टनच्या घरातले गुलाम राज्याच्या हद्दीबाहेर नेले जात आणि पुन्हा आणले जात, म्हणजे मोजणी नव्यानं सुरू. दिवस मोजून ठेवणारी ही हुशारी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या १७९३ च्या कायद्यावर वॉशिंग्टननं सही केली तीही याच शहरात.

ओनी जज ही मार्था वॉशिंग्टनची खास दासी. शिवणकामात तरबेज, वय वीस-बावीस. आपल्याला मालकिणीच्या नातीला देऊन टाकणार, हे तिच्या कानावर आलं. २१ मे १७९६ रोजी घरातली मंडळी जेवायला बसली असताना ती दारातून बाहेर पडली, जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोचली आणि पुन्हा कधी वॉशिंग्टनच्या हाती लागली नाही. वर्तमानपत्रात तिच्यासाठी दहा डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. तिकडे ती वाचायला शिकली. नवरा आणि मुली तिच्या डोळ्यांदेखत गेल्या, गरिबीत दिवस काढले. म्हातारपणी तिला विचारलं, पश्चात्ताप होतो का? नाही, मी मोकळी आहे, असं तिनं सांगितलं. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती पळालेली गुलामच होती.

१८४८. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. हे साल मी हजारो वेळा फळ्यावर लिहिलं असेल. त्या भिंतीपुढे ते पहिल्यांदा असं जोडलं गेलं.

मग घंटा.

इमारतीत शिरताना तपासणी होते, तिकीट नसतं. लांबट दालनातून माहितीचे फलक वाचत जायचं आणि शेवटाला, काचेसमोर, ती टांगलेली. वाटलं होतं त्यापेक्षा लहान. घेर बारा फूट, उंची तीन फूट, वजन २०८० पौंड, म्हणजे आपले साधारण ९४० किलो. रंग जुन्या काशाच्या वाटीचा, ती बरीच वर्षं माळ्यावर राहिली की होतो तसा. धातूही जवळपास तोच, तांबं आणि कथील. कडेला ठिकठिकाणी टवके उडालेत. आठवण म्हणून लोकांनी तोडून नेलेले हे तुकडे. आणि पुढ्यात तो प्रसिद्ध तडा.

रेंजर म्हणाला, नीट बघा, तडा असा दिसतो का? मी वाकून पाहिलं. दोन्ही कडा सरळ, जवळजवळ अर्धा इंच रुंद फट, मध्ये दोन मोठे खिळे बसवलेले. तडा कधी इतका रुंद आणि सरळ नसतो. ती दुरुस्ती आहे. मूळ चीर केसासारखी बारीक होती. चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये म्हणून कारागिरांनी ती मुद्दाम रुंद केली. मग १८४६ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवली आणि फटीच्या वरच्या टोकापासून दुसरी चीर माथ्याकडे गेली. ती खरी जीवघेणी. डोळे बारीक करून शोधावी लागते, 'लिबर्टी' या अक्षरांमधून तिरकी चढत गेली आहे. सगळं जग फोटो काढतं ते दुरुस्तीचे, आणि जिनं घंटेचा आवाज नेला ती चीर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिचं नशीबच तसं. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानं १७५१ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या कारखान्याला मागणी दिली. घंटा आली आणि चाचणीच्या पहिल्याच ठोक्याला तडकली. आपल्याकडे मडकं टिचकी मारून घेतात, तसाच प्रकार, फक्त टिचकी महागात पडली. मग जॉन पास आणि जॉन स्टो या गावातल्याच दोन ओताऱ्यांनी ती वितळवली आणि ठिसूळपणा जावा म्हणून तांबं वाढवलं. आवाज इतका बद्द आला की लोक हसले. त्यांनी पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली. १७५३ ची ती तिसरी घंटा आज समोर आहे. दोघांची नावं तिच्यावर ठळक आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमधला एक 'एन' कमी आहे, पण त्या काळी तसंही लिहीत.

वरच्या पट्टीत बायबलमधल्या लेवीय पुस्तकातली ओळ कोरली आहे. साऱ्या देशात, तिथल्या सगळ्या रहिवाशांना, मुक्तीची घोषणा करा, असा तिचा अर्थ. मूळ संदर्भ पन्नासाव्या वर्षाचा आहे, ज्या वर्षी दासांना मोकळं करून घरी पाठवायचं असतं.

४ जुलैला ही घंटा वाजली, ही गोष्ट एका कथाकारानं १८४७ मध्ये रचली. जाहीरनामा लोकांपुढे वाचला गेला तो ८ जुलैला, आणि त्या दिवशी शहरातल्या घंटा वाजल्या. पण या घंटेचा मनोरा तेव्हा खिळखिळा झाला होता, त्यामुळे ती वाजल्याचा पुरावा नाही. मी वर्गात सांगायचे ते खरं नव्हतं. मनाला लागलं. इतकी मुलं ती गोष्ट घेऊन मोठी झाली.

पण जे खरं आहे ते त्या गोष्टीहून कितीतरी मोठं आहे. स्वातंत्र्ययुद्धानंतर पन्नासेक वर्षं ही केवळ स्टेट हाऊसची घंटा होती. 'लिबर्टी बेल' हे नाव तिला मिळालं १८३० च्या दशकात, आणि ते रूढ केलं गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी. ती ओळ त्यांनी वाचली आणि देशाला विचारलं, 'सगळ्या रहिवाशांना' असं लिहिलंय ना? मग वीस-पंचवीस लाख माणसं बेड्यांत का? त्यांच्या पत्रकांवर घंटेचं चित्र छापलं जाऊ लागलं. राष्ट्रानं मिरवावी अशी खूण, पण तिला अर्थ दिला राष्ट्रानं बाहेर ठेवलेल्यांच्या बाजूनं उभं राहिलेल्यांनी. पुढे १९१५ मध्ये मताधिकार मागणाऱ्या बायकांनी हिची हुबेहूब प्रतिकृती ओतून घेतली आणि तिचा लोलक साखळीनं बांधून गावोगाव फिरवली. १९२० मध्ये मताचा हक्क मिळाला तेव्हाच ती साखळी सुटली.

आणि हा धागा पुण्यापर्यंत येतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं ते अमेरिकेतल्या याच लोकांना अर्पण करून, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. त्यांचा कित्ता माझ्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, ही आशा त्यांनी तिथेच व्यक्त केली. गंज पेठेत राहणाऱ्या माणसाला सात समुद्रापलीकडची ती लढाई आपली वाटली. मी कठड्याला धरून हे लेकीला सांगत होते आणि माझा आवाज कापरा झाला. ती काही बोलली नाही, पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

इंडिपेंडन्स हॉलला, म्हणजे पूर्वीच्या स्टेट हाऊसला, वेळ ठरलेलं तिकीट असतं. शंभर डॉलरच्या नोटेमागे छापलेली ती ही इमारत. सभागृह लहान आहे, आपल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्याएवढंच वाटतं. हिरवं कापड घातलेली मेजं, पिसांच्या लेखण्या. जाहीरनामा आणि राज्यघटना, दोन्ही इथेच. मागे अध्यक्षांची खुर्ची, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला. घटनेवर सह्या होताना बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला होता की हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. ८१ वर्षांचा होता तो.

मला मात्र वरचा मजला पाहताना दुसरंच आठवत होतं. १८५० नंतर काही वर्षं इथे वर केंद्रीय न्यायालय भरत असे आणि पळून आलेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवायचं की नाही, याच्या सुनावण्या इथेच होत. त्याच इमारतीत घंटा होती. आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये खून झालेल्या लिंकनचा देह दोन दिवस खालच्या सभागृहात ठेवला होता, तेव्हा ती त्याच्या उशाशी होती.

बेट्सी रॉसचं घर आम्ही घाईत पाहिलं. पहिला झेंडा तिनं शिवला ही गोष्ट तिच्या नातवानं जवळजवळ शंभर वर्षांनी सांगितलेली, त्यात माझं मन रमलं नाही. आनंदीबाईंचं कॉलेज होतं त्या भागात जायचं होतं, वेळ उरला नाही. ११ मार्च १८८६ ला याच शहरात त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली आणि समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्यासाठी पुन्हा यायचं ठरवलंय.

संध्याकाळी हॉलच्या मागच्या चौकात बाकावर बसलो. डबा उघडला, गार झालेल्या मेथीच्या ठेपल्यांवर लोणचं घेतलं. वर मनोऱ्यात आता जी घंटा आहे ती १८७६ ची, तेरा हजार पौंडांची. तिच्या धातूत चार तोफा वितळवल्या आहेत, दोन स्वातंत्र्ययुद्धातल्या, दोन यादवीतल्या, दोन्ही युद्धांतल्या दोन्ही बाजूंची एकेक. चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर तशी एक मी पाहिली आहे, १७०७ साल कोरलेली. लेकीला म्हटलं, या वेळी परत आलीस की तुला वाईला नेते.

इतक्यात वर पहिला ठोका पडला. चौकातली कबुतरं एकदम उडाली. आम्ही दोघी घास हातात धरून मोजत राहिलो. पाच.