घाट चढण्याआधी उरकायची कामं

किनाऱ्याच्या पाण्यावर नजर ठेवायला सरकारी खातं आणि पुण्यातली एखादी संस्था एकत्र येतात, तेव्हा सामंजस्य करारात यंत्रांची यादी लांबलचक असते. नमुना ताम्हिणी चढून पुण्यात येईपर्यंत त्याचं काय होणार, हे मात्र कुणी फारसं लिहीत नाही. घोळ तिथेच होतो.

अलिबागजवळची रेवदंड्याची खाडी घ्या. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतीवरून इथे येतं, त्यामुळे पुण्याशी तिचं नातं आहेच. (मुठेचं पाणी मात्र भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं!)

विरघळलेल्या ऑक्सिजनचं काम होडीतच करायचं. नळी 300 मिलीच्या बाटलीच्या तळाला टेकवून भरायचं, दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वरून वाहू द्यायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. ऑक्सिजन तिथेच बांधून ठेवायला लगेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड प्रत्येकी 1 मिली. साका बसला की आम्ल आणि टायट्रेशन त्याच दिवशी, किनाऱ्यावर. मीटर वापरणार असाल तर पाण्याचा खारेपणा जागेवर मोजून त्यात भरा. 30 अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात साधारण 7.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.2. मुळा-मुठेच्या गोड्या पाण्यासाठी लावलेला मीटर खाडीच्या तोंडाशी तसाच बुडवला तर आकडा पाचव्या हिश्शाने फुगतो. आंघोळीच्या समुद्रपाण्याला लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम लागतो. खरा 3.5 असेल तर मीटर 4.2 दाखवतो आणि नापास पाणी पास होतं.

डायक्रोमेटवाली सीओडी (पाण्यातला कचरा रसायनाने ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागेल, त्याची चाचणी) तर विसराच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 19 ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं, तेच ऑक्सिडाइज होऊन बसतं. ते अडवायला मर्क्युरिक सल्फेट कितीही ओता.

विष्ठाजन्य कोलिफॉर्मचा (मैल्यातून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा) नमुना बर्फात ठेवून आठ तासांच्या आत जंतू वाढवायला लावायचा. घाटात गाडी अडकली की तो गेला. म्हणून अलिबागकडच्या एखाद्या कॉलेजात 44.5 अंशांचा इनक्युबेटर ठेवणं हे पुण्यातल्या महागड्या यंत्रापेक्षा उपयोगी. पोषकद्रव्यांसाठीचं (नायट्रेट, फॉस्फेट वगैरे मोजायचं) पाणी तिथेच गाळून गोठवलं तर पुण्यापर्यंत नीट येतं. सिलिकेटला काचेची बाटली नको, काचेतूनच ते पाण्यात उतरतं.

वेळ भरती-ओहोटीनेच ठरवायची, दोन्ही वेळचे नमुने घ्यायचे. तांडेल (होडीचे म्होरके) तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात (चतुर्थीला तीन वाजता), तेवढ्यावर होडी ठरवता येते; नोंदीला भारतीय सर्वेक्षण विभागाचं कोष्टकच हवं. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) गाळ ढवळतो, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) बसतो. दोन्हींचे आकडे एकाच सरासरीत टाकणाऱ्यांचे आलेख मला पाहवत नाहीत.

कायद्याचंही आधी बोलून घ्या. 1974च्या जल कायद्याच्या कलम 21 नुसार सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद केलेला असावा लागतो. विद्यार्थ्यांनी भरलेली बाटली शोधनिबंधाला चालते, कारखान्याविरुद्ध चालत नाही. कारखान्याविरुद्ध वापरायच्या नमुन्यांच्या फेरीला अधिकारी होडीत हवाच, आणि ती 1 जूनच्या आत आटपायला हवी: त्यानंतर मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात.