वर्णन-ट्रॅक, तिसरा मसुदा: पाऊस, कढई आणि ‘कुणीतरी’

१४ मिनिटांच्या मराठी लघुपटाचा ऑडिओ डिस्क्रिप्शन ट्रॅक (दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी पडद्यावरचं बोलून सांगणारा) तिसऱ्या मसुद्यावर आला आहे. संवादांमधल्या मोकळ्या जागा मोजल्या तर ६१ भरल्या. त्यातल्या २३ दोन सेकंदांहून लहान, त्या सोडून दिल्या. दोन सेकंदांत चार शब्द कोंबता येतात, पण ऐकणाऱ्याला आधीचा संवाद जिरवायला उसंत मिळत नाही. बाकीच्या जागांना सेकंदाला सव्वादोन शब्द असा हिशेब धरला. लांबलचक सामासिक शब्द आला की तोही कोलमडतो, त्यामुळे प्रत्येक ओळ स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचावीच.

मराठीत एक सोय आहे. ‘उठते, खिडकी लावते’ एवढ्यावर भागतं, ‘ती’ म्हणावं लागत नाही. दृश्यात दोन बायका आल्या की हीच सोय अंगाशी येते, तिथे नाव घ्यायचं. आणि ओळख लपवलेली असेल तर क्रियापदच चहाडी करतं. सहाव्या मिनिटाला अंधारात दार उघडतं, दिसतो फक्त हात. पहिल्या मसुद्यात ‘एक माणूस दार ढकलतो’ असं होतं. पुढे ती बाई निघते, म्हणजे वर्णन चक्क खोटं ठरलं. ‘एक बाई’ म्हटलं तर दीड मिनिट राखलेलं रहस्य फुटतं. आता ओळ आहे: ‘कुणीतरी दार ढकलतं.’ नपुंसकलिंगाचा इतका चोख उपयोग क्वचितच होत असेल.

सगळ्यात जास्त वेळ एका कटने खाल्ला. अंगणात पाऊस, कट, कढईत भजी. डोळे मिटून ऐकलं तर दोन्हींचा चरचराट सारखाच, जागा बदलल्याचा पत्ताच लागत नाही. कटनंतर ०.९ सेकंदात संवाद सुरू होतो, म्हणजे ‘स्वयंपाकघर’ म्हणायलाही जागा नाही. डायलॉग, म्युझिक आणि इफेक्ट्सचे स्टेम (स्वतंत्र आवाजपट्ट्या) वेगळे मिळाले होते, म्हणून इलाज आवाजातच केला. कटवर झारा कढईच्या काठावर दोनदा आपटतो आणि मागचा पाऊस २ किलोहर्ट्झच्या लो-पास फिल्टरने (त्यावरचे तीक्ष्ण स्वर कापून) भिंतीपलीकडे जातो. हा बदल फक्त वर्णनाच्या मिक्समध्ये, तोही दिग्दर्शकाला विचारून.

वर्णनाखाली चित्रपटाचा आवाज दाबायला साइडचेन कॉम्प्रेसर (निवेदन सुरू झालं की बाकीचा आवाज आपोआप कमी करणारा) लावला, तर शब्दाशब्दांमध्ये पाऊस धापा टाकू लागला. तो काढून टाकला आणि व्हॉल्यूम एन्व्हलप, म्हणजे आवाजाच्या चढउताराची रेषा, हाताने आखला: ३०० मिलिसेकंदांत ८ डेसिबल खाली, परत वर यायला ६००. तरीही पावसात ‘स’ आणि ‘श’ बुडत होते. निवेदकाचा आवाज वाढवून उपयोग नाही, तो कानात टोचतो. पावसातून ५ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा ३ डेसिबलने कापल्यावर अक्षरं सुटी झाली.

शेवटची ओळ मात्र संवादावर चढत होती. व्हिडिओ सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा, रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट २४ चा, आणि ओळी टाइमकोड (फ्रेम मोजून दाखवलेली वेळ) पाहून बसवलेल्या. हजारात एकाचा फरक, १४ मिनिटांत ०.८४ सेकंद. प्रोजेक्टचा फ्रेम रेट आधी जुळवा, मगच नोंदी घ्या.

मिक्स उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) बांधला आहे. एमकेव्ही फाइलमध्ये तो दुसरा ऑडिओ ट्रॅक म्हणून जातो. व्हीएलसी प्लेअरमध्ये ट्रॅक बदलून ऐकता येतो. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी, व्हिडिओ म्हणून गेली तर पुन्हा एन्कोड होते.

उरलं आहे ते श्रेयनामावलीचं. ४० सेकंदांत ३४ नावं आहेत आणि खाली गाणं चालू आहे.