पूर कधी येतो?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला, आणि गॅदरिंग, खो-खोच्या मॅचेस, सहल यावर आपल्या बॅचचे बाकीचे लिहितीलच, ते सगळं छानच होतं, पण मला लिहायचंय ते इतिहासाच्या सरांच्या एका धड्याबद्दल. मी आज घरची शेती बघतो, प्रवरेच्या पाटावर ऊस आणि कांदा, आणि खरं सांगतो, शाळेतला हा एक धडा असा आहे जो शेतात उभं असताना आठवतो.

पुस्तकात एकच प्रश्न असायचा, प्राचीन संस्कृती नदीकाठी का उदयास आल्या, कारणे लिहा. उत्तर सगळ्यांना पाठ: पाणी, सुपीक जमीन, वाहतूक. तीन मार्क. सर म्हणायचे हे लिहा, मार्क मिळतील, पण याने तुम्हाला काहीच कळलेलं नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात ना, सरांनी आम्हाला नेमकं तेच विचारायला शिकवलं. पूर कुठून येतो आणि कधी येतो? हे कळलं की त्या लोकांचा देव कसा असेल ते निम्मं कळतं, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी फळ्यावर दोन कॅलेंडर काढली. एक नाईलचं. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच, पण इथिओपियाच्या डोंगरात जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडे पडतो त्याच महिन्यांत, आणि ते पाणी गाळ घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये खाली येतं, शेतं बुडवतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ओसरतं आणि मागे काळीभोर ओली जमीन ठेवून जातं. आणि तीच तिथली पेरणीची वेळ! त्यांचं वर्षच तसं होतं, चार महिने पुराचे, चार उगवणीचे, चार कापणीचे, वर पाच दिवस. पहाटे पूर्वेला व्याधाचा तारा पुन्हा दिसायला लागला की पूर जवळ आला. एवढ्या वेळेवर येणारी नदी असली की माणसाला जगात काहीतरी शिस्त आहे असं वाटणारच, आणि त्या शिस्तीला त्यांनी देवीच केलं, तिचं नाव मात. मेल्यावर माणसाचं काळीज तराजूत घालायचं आणि दुसऱ्या पारड्यात तिचं पीस. पुराचा देव हापी, पुरुषच, पण सुटलेलं पोट आणि बाईसारखे स्तन, म्हणजे पोसणारा.

याचा अर्थ तिथं भीती नव्हती असा नाही. नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर पुराची उंची मोजायला दगडी पायऱ्यांवर खुणा केल्यात. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की पाणी बारा हात चढलं तर दुष्काळ, तेराला उपासमार, चौदाला आनंद, पंधराला निश्चिंती, सोळाला चैन. चार हातांच्या फरकात अख्खा देश. आमच्या भंडारदऱ्याचा साठा किती टक्के झाला हे जुलैमध्ये रोज मोबाईलवर बघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं कॅलेंडर टायग्रिस-युफ्रेटिसचं, म्हणजे आजच्या इराकमधल्या मेसोपोटेमियाचं. तिथला पूर पावसाळ्याचा नाही, तुर्कस्तानच्या डोंगरातला बर्फ वितळला की एप्रिल-मेमध्ये येणारा, म्हणजे शेतात जव पिकून उभं आणि वरून पाणी. पेरणीला पाहिजे तेव्हा नदी आटलेली आणि कापणीला नको तेव्हा अंगावर आलेली. त्यामुळे कालवे काढा, बांध घाला, दरवर्षी गाळ उपसा, आणि हे एकट्या घराचं काम नाही, त्याला गाव लागतं, मग माणसं मोजणारा लागतो, धान्याचा हिशेब ठेवणारा लागतो. तिथल्या उरुक शहरात इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमारास लिखाण सुरू झालं ते बरंचसं हिशेबाचंच, आणि तेही नदीच्याच मातीच्या पाटीवर, नदीकाठच्याच बोरूने.

आणि देव? तिथल्या एका जुन्या कथेत माणसांच्या गोंगाटाने एन्लिल या मोठ्या देवाची झोप मोडते म्हणून तो जलप्रलय पाठवतो. तिथल्याच गिल्गमेश राजाच्या महाकाव्यात तर प्रलय बघून देवच घाबरतात आणि कुत्र्यांसारखे अंग चोरून बसतात. नाईलकाठच्या माणसाला असा देव सुचला नसता असं मला मनापासून वाटतं. सगळंच नदीने ठरवलं असं मी म्हणत नाही, राजे होते, लढाया होत्या, व्यापार होता, पण माणूस ज्याच्यावर जगतो त्याच्या स्वभावावरून देवाचा स्वभाव ओळखायला जातो हे मला आजही पटतं.

सरांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र तेव्हा नुसती ऐकली आणि शेतीत पडल्यावर कळली. बॅबिलोनचा राजा हम्मुराबीच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनपूर्व १७५० च्या आसपास, लिहिलंय की ज्याने आळस करून आपला बांध नीट ठेवला नाही आणि त्यामुळे फुटून शेजाऱ्यांची शेतं बुडाली, त्याने सगळ्यांचं धान्य भरून द्यायचं, नसेल देता येत तर त्याला विकून ते पैसे नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यायचे. पाटाची चारी फुटल्यावर दोन शेजाऱ्यांमध्ये काय होतं हे आपल्या भागात कुणाला माहीत नाही! आणि तिकडे इजिप्तमध्ये मेलेला माणूस देवांपुढे उभा राहून जी पापं मी केली नाहीत म्हणून सांगतो त्यात हेही आहे, की मी पाणी त्याच्या वेळेला अडवलं नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही. एकीकडे कायदा, दुसरीकडे पाप-पुण्य, पण भांडण तेच, पाण्याची पाळी.

अजून एक. मेसोपोटेमियाच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं पाणी देऊन देऊन जमिनीला मीठ फुटलं, गहू मागे पडला आणि क्षार सोसणारं जव पुढे आलं. प्रवरेच्या कॅनॉलखाली क्षारपड झालेली रानं बघून मला ही पोर्शनची ओळ वाटत नाही.

आता आपल्याकडचं. आपल्या नद्या नाईलसारख्या नाहीत आणि युफ्रेटिससारख्याही नाहीत, पावसाळ्यात धो-धो आणि मे महिन्यात वाळू. सर आम्हाला सायकलवर दायमाबादला घेऊन गेले होते, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती, आणि १९७४ मध्ये तिथं काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला, चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. दायमाबादची वस्ती ज्या जोर्वे संस्कृतीतली, म्हणजे त्या काळच्या इथल्या शेतकरी गावांची, तिचंच दुसरं मोठं गाव म्हणजे घोड नदीवरचं इनामगाव, डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेलं. तिथं पुराचं पाणी वळवायला चर खणलेला आणि बांध घातलेला सापडला. एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी, त्यात शिर नसलेली स्त्रीमूर्ती, सोबत बैल. लहान बाळं गेली तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात घालून घरातच पुरलेली. आणि इसवी सनपूर्व १००० नंतर हवा कोरडी होत गेली तशी चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती कमी झाली, जनावरं राखणं वाढलं, पुढे तीनेकशे वर्षांत गाव उठलं. म्हणून आपला प्रश्न जरा वेगळा पडतो, पूर कधी येतो यापेक्षा पाणी किती महिने टिकतं. त्या माणसांनी देव घराच्या जमिनीखाली, धान्याच्या आणि लेकरांच्या जवळ ठेवला याचा त्याच्याशी संबंध असावा, हे माझं मत, पुरावा नाही. आजही आपल्या गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठाला, नदीची ओटी भरतात ती नवं पाणी आल्यावरच.

आता नाईलचा पूर येत नाही, १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण झालं, गाळ वरच अडतो आणि शेतकरी खताच्या गोण्या आणतो. आपल्या प्रवरेवर भंडारदरा १९२६ मध्येच पूर्ण झालं, त्यामुळे नदी कधी येते याचं आजचं उत्तर धरणातून आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटल्यावर, असं आहे.

शाळेतल्या आत्ताच्या शिक्षकांना एक विनंती आहे. पोरांना दायमाबादला न्या, पण एकदा नाही, दोनदा न्या, एकदा श्रावणात आणि एकदा मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा टेकाडावर उभं करून नदी दाखवा. दोन्ही खेपेच्या गाडीचा खर्च आमची बॅच करेल, ग्रुपवर तसं ठरलंय.