दर्या सापडला, दऱ्या हरवल्या : वर्गणीतून बाहेर, नोंद सहावी

सापडलं. सहाशे बारा फोटो परत आले, आणि एकाही फोटोला धक्का लागलेला नाही. तीन रविवार आणि गणपतीच्या सुट्टीतला एक अख्खा दिवस यात गेला. कारण कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून पडवीत जाऊन उभी राहिले. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि मला रडू येत होतं.

मागच्या नोंदीत मी कुठे थांबले होते ते आठवत असेल. महिनाअखेरीला लाइटरूमची, म्हणजे ॲडोबीच्या फोटो सांभाळायच्या आणि सुधारायच्या प्रोग्रामची, वर्गणी संपू द्यायची. त्याआधी कॅटलॉगमधले, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीतले, सगळे टॅग, तारे आणि एडिट एक्सएमपी साइडकारमध्ये (प्रत्येक फोटोशेजारच्या छोट्या माहितीच्या फाइलीत) उतरवायचे आणि सगळा संसार डार्कटेबल या फुकट प्रोग्राममध्ये न्यायचा. नेमकी त्याच आठवड्यात मुख्य डिस्क गेली. दोन पावसाळे खाऱ्या हवेत काढलेली डिस्क होती आणि वीज दिवसातून चारदा जाते, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही. क्लाउडवर प्रत होती, ती रात्री रात्री उतरवून नव्या डिस्कवर ठेवली. ही नवी डिस्क कोल्हापूरच्या एका दुकानदाराकडून मागवली. तो थर्माकोलच्या दोन थरांत बांधून, वर प्लॅस्टिक गुंडाळून पाठवतो. पावसाळ्यात पार्सल मागवायचं तर मी आता दुसरीकडे जाणार नाही.

कॅटलॉग उघडला तर बहुतेक सगळं जागेवर होतं. फक्त तेवीस फोल्डरांवर प्रश्नचिन्ह आलं होतं, म्हणजे मूळ फाइल सापडत नाही. फाइल सापडत नसेल तर तिच्या शेजारी एक्सएमपी लिहिता येत नाही, म्हणजे पुढचं सगळंच अडलं.

एक खुलासा आधी करते, कारण दोघातिघांनी विचारलं होतं. लाइटरूम क्लासिकची वर्गणी संपली तरी कॅटलॉग उघडतो. लायब्ररी चालते, एक्स्पोर्टही करता येतं. बंद होतात ते डेव्हलप (एडिट करायचा भाग) आणि मॅप (नकाशा). त्यामुळे माझ्या मानेवर सुरी नव्हती. तरी मला डेव्हलप चालू असतानाच जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून पाहायची होती, म्हणून घाई.

आता ते तेवीस फोल्डर. फोल्डर डिस्कवर होते. आतल्या फाइलींची संख्या बरोबर, आकार बरोबर, चेकसम, म्हणजे फाइलींचे आकडी ठसे, काढून पाहिले तेही जुळले. कॅटलॉगमधला पत्ता आणि डिस्कवरचा पत्ता कागदावर लिहून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिला, काडीचा फरक नाही. केबल बदलली. डिस्कचं अक्षर बदलून पाहिलं. एक फोल्डर पुन्हा उतरवला, पुन्हा प्रश्नचिन्ह. मग वैतागून एका फोल्डरचं नाव खोडलं आणि तेच नाव हातानं परत टाइप केलं. तो फोल्डर ताबडतोब सापडला! म्हणजे मी नाव खोडून तेच नाव लिहिलं आणि काहीतरी बदललं. काय बदललं ते मात्र दिसत नव्हतं.

गणपतीत भाचीचा फोन आला होता. ती पुण्याला कॉम्प्युटरमध्येच आहे. तिला हरवलेल्या फोल्डरांची यादी वाचून दाखवली : पऱ्या, आरे-वाऱ्याचा किनारा, गावऱ्हाटी, वाऱ्यावरचं गवत, दऱ्या…

"मावशी, सापडलेलेही वाच."

वाचले. कशेळीचा हत्ती, सडा पाऊस, दीपकाडी, देवाचं गोठणं, दर्या…

"थांब. दर्या आहे आणि दऱ्या नाहीत?"

मी दोन्ही शब्द पुन्हा उच्चारले आणि अंगावर काटा आला. शाळेत बाईंनी हाच फरक शिकवला होता : दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. हरवलेल्या प्रत्येक नावात तो ऱ होता. सापडलेल्या एकाही नावात नव्हता.

भाचीनं पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन्ही नावांची लांबी मोजायला सांगितली. कॅटलॉगमधल्या 'दऱ्या'ची लांबी ५, डिस्कवरच्या 'दऱ्या'ची ६.

तर भानगड अशी. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरसाठी दिलेला ठरलेला क्रमांक. युनिकोडमध्ये ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, त्याचं स्वतःचं अक्षर, यू+०९३१. दुसरी, साधा र आणि त्याच्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब), म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३सी. युनिकोडच्या नियमानं हे दोन्ही समान मानायचे असतात. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्ट्या रूपाला एनएफडी. पण विंडोजची एनटीएफएस ही फाइली साठवायची रचना नावं जशी मिळाली तशी ठेवते, समान मानत नाही. उलट मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना प्रत्येक नाव सुटं करूनच साठवते.

आणि माझ्या घरात मॅक कधीच नव्हता! हे समजायला मला अजून एक संध्याकाळ लागली. पहिल्या नोंदीत मी क्लाउडचा हिशेब मांडला होता : आमच्याकडे अपलोडला २ एमबीपीएस मिळतात, त्या वेगानं १ टीबी चढवायला दिवसरात्र चालू ठेवून ४६ दिवस. म्हणून मी डिस्कच पुण्याच्या मैत्रिणीकडे पाठवली होती. तिनं ती आधी आपल्या जुन्या मॅकवर उतरवली आणि तिथून ब्राउझरनं क्लाउडवर चढवली. त्या एका मुक्कामात माझ्या सगळ्या ऱ ची फोड झाली. मॅकनं आपल्या नियमाप्रमाणे केलं, क्लाउडनं मिळालं तसं ठेवलं, विंडोजनं मिळालं तसं उतरवलं. कुणाचंच काही चुकलं नाही आणि माझ्या दऱ्या हरवल्या.

मराठीपुरतं पाहिलं तर रोजच्या वापरातलं हे दुखणं ऱ लाच आहे. क, ख, ळ, मात्रा, काने यांची अशी फोड होत नाही. म्हणूनच फक्त तेवीस फोल्डर. हिंदीवाल्यांना ड़ आणि ढ़ चं वेगळंच आहे, त्यात शिरत नाही.

इलाज पंधरा ओळींचा. पायथॉनमध्ये युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल तयारच असतं, त्याला प्रत्येक नाव एनएफसी करायला सांगायचं आणि फोल्डरचं नाव बदलायचं. पहिल्या खेपेला मी बाहेरून आत गेले. वरच्या फोल्डरचं नाव बदललं की आतल्यांचा पत्ताच खोटा ठरतो, त्यामुळे स्क्रिप्ट अर्ध्यात आपटली. आतून बाहेर जायचं : आधी सर्वांत खोल फाइली, मग त्यांचा फोल्डर, मग त्याच्या वरचा. लिनक्सवाल्यांना एवढंही करायला नको, कन्व्हएमव्ही नावाचं हत्यार हे काम करतं आणि स्वतःहून आधी फक्त काय बदलणार ते दाखवतं. नोटेस्ट हा पर्याय दिल्याशिवाय ते फाइलीला हात लावत नाही. अशी सावध हत्यारं मला फार आवडतात.

कॅटलॉग पुन्हा उघडला. तेवीसच्या तेवीस प्रश्नचिन्हं गेली. मी पहिला फोटो उघडला तो पऱ्याचा, २०१६ च्या जुलैतला, घराखालच्या साकवावरून काढलेला. तो साकव आता नाही.

खरं तर इथे नोंद संपायला हवी होती. पण एक्सएमपी उतरवून डार्कटेबलमध्ये आयात केल्यावर टॅगच्या यादीत 'पऱ्या' तीनदा दिसला. १४३ फोटो, ३८ फोटो, ९ फोटो. मी म्हटलं सुटा ऱ टॅगातही शिरला असेल, एनएफसी केलं. नऊवाला १४३ मध्ये मिसळला. अडतीसवाला ढिम्म.

हे ऱ चं तिसरं रूप. साधा र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारा जोडक. काही जुनी ध्वन्यात्मक टायपिंगची साधनं अर्धा ऱ असाच उमटवतात. पडद्यावर तोच डोळ्याच्या पापणीसारखा ऱ दिसतो, पण युनिकोड हे रूप पहिल्या दोघांच्या समान मानत नाही, त्यामुळे एनएफसी त्याला हात लावत नाही. त्याचीही लांबी सहाच भरते, म्हणून नुसतं मोजून कळत नाही. याला साधा शोधा-बदला करावा लागतो : र, हलन्त, जोडक हे तिन्ही लागोपाठ आले तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. जोडक सरसकट काढून टाकू नका. इतर व्यंजनांचं अर्धं रूप दाखवायलाही तो वापरलेला असू शकतो.

हे करताना बघितलं तर 'ॲस्ट्रो' सुद्धा दोनदा. अ वर चंद्र देऊन लिहिलेला वेगळा आणि यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर वेगळं. हेही एनएफसीनं जुळत नाहीत. त्या ओळीची भर घालून टाकली.

मी आता सगळीकडे इनस्क्रिप्ट हा कळफलकच वापरणार आहे. त्यात शिफ्ट दाबून र च्या कळीवर ऱ मिळतो, तो खरा एकसंध ऱ. शिकायला मला पंधरा दिवस लागले आणि बोटं अजून चुकतात, पण टॅग देणाऱ्यानं कळफलक एकच ठेवावा असं माझं ठाम मत झालं आहे.

एडिटबद्दल थोडक्यात. डार्कटेबल लाइटरूमच्या एक्सएमपीमधून टॅग, तारे, रंगखुणा, जीपीएस आणि क्रॉप, एक्स्पोजर अशा काही पायऱ्या उचलतं. चित्र मात्र तसंच दिसत नाही, कारण आतलं गणितच वेगळं आहे. कलेक्शन एक्सएमपीत जात नाहीत, म्हणून जाण्याआधी प्रत्येक कलेक्शनच्या नावाचा टॅग करून घ्या. मी जुने एडिट जुळवायचा नाद सोडला. निवडक तीनशे फोटो नव्यानं करतेय आणि बाकीच्यांचे पूर्ण आकाराचे जेपेग काढून ठेवले. डार्कटेबलमधल्या उजेड-सावली बसवायच्या पद्धतींपैकी फिल्मिक आरजीबीशी महिनाभर झगडले, माझं सिग्मॉइडवर भागतं. कशेळीचा हत्ती, म्हणजे जांभ्याच्या पठारावर कोरलेलं कातळशिल्प, सकाळच्या तिरप्या उन्हातला घेतला, सिग्मॉइड आणि थोडा लोकल कॉन्ट्रास्ट, एवढ्यावर जांभ्यातली कोरीव रेघ अशी उठून आली की मी यांना स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवली. आठ वर्षं तो फोटो मला सपाट वाटायचा.

काही जणांनी विचारलं होतं की मुळात वर्गणीत गेलेच का. २०१३ मध्ये ॲडोबीनं क्रिएटिव्ह सूटऐवजी यापुढे क्लाउडच असं जाहीर केलं तेव्हा लाइटरूम त्यातून वाचलं होतं. २०१५ ची सहावी आवृत्ती एकदाच पैसे भरून मिळायची. २०१७ च्या ऑक्टोबरात क्लासिक आणि क्लाउडवालं असे दोन भाग झाले आणि सहावीचे अपडेट त्या वर्षाअखेर थांबले. माझा नवा कॅमेरा त्यानंतरचा, त्याच्या रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ) फाइली सहावीला उघडता येईनात. रॉ फाइली डीएनजी या ॲडोबीच्या सामायिक रूपात आणणारा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो आणि त्यातून रॉ फाइल डीएनजी केली की सहावी आवृत्ती ती उघडते, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी अजून सहावीवरच असते. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी हे जरूर करून पाहावं.

पुढचा बेत मी कालपर्यंत असा ठरवला होता : फोल्डरांची नावं फक्त तारखेच्या आकड्यांत, टॅग रोमन सांकेतिक. म्हणजे पुन्हा ही वेळ यायला नको. पण आज हे लिहिताना मन बदललं. फोल्डर आकड्यांत ठीक आहेत, तिथे मला भाषा लागत नाही. टॅग मात्र मराठीतच राहणार. पऱ्याला मी दुसरं काय म्हणू? नाला म्हटलं तर तो पऱ्या नव्हे, आणि व्हाळ वेगळा. त्याऐवजी डार्कटेबलच्या, लुआ भाषेत लिहायच्या, स्क्रिप्टमधून दर आयातीला टॅग एनएफसी आणि जोडकमुक्त करून घेता येतील का ते बघते. लुआ मला येत नाही, भाचीला दिवाळीत धरणार आहे. तोवर एक्सएमपी फाइली आयातीआधीच स्क्रिप्टमधून गाळायच्या. 

आणि आत्ताच आणखी एक सुचलं. टॅग एकत्र झाल्यावर मी 'दीपकाडी' तारखेनुसार लावून पाहिली. नऊ वर्षांचे फोटो एका खाली एक आले आणि दर वर्षी पहिलं फूल मला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, कोणत्या तारखेला दिसलं ते सरळ वाचता आलं. गेंद, कवला आणि सीतेची आसवं यांचंही असंच काढता येईल. माझ्याकडे हे सगळं होतं आणि मला माहीत नव्हतं. म्हणून तीनशे फोटोंचं एडिट जरा थांबवते, आधी हा तक्ता. देवीहसोळ किंवा बारसूच्या सड्यावर तुमच्यापैकी कुणी जून-जुलैत जात असेल तर दीपकाडीच्या तारखा मला कळवा. फोटो नको, तारीख आणि जागा पुरे.

'पऱ्या' टॅगवर आता १९० फोटो आहेत.